वर चढलेला देश

प्रिय दादा,

दर रविवारी तुझा फोन येतो आणि आपण हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. फोनवर मुद्द्याचं बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. अजून सकाळी उठली की ओलं फडकं घेऊन खिडकीपाशी जाते. सिमेंटची धूळ आता नसते, तरी पुसते. मी हसले तर म्हणते, हाताला सवय आहे. वहिनीने पाठवलेल्या फोटोत मात्र तुमच्या खिडकीची कड पांढरी दिसली. ते बघून तिने फडकं पुन्हा ओलं केलं.

आमच्या ऑफिसात यंदा आनंदीआनंद आहे. नेट झिरोचं वचन कोणत्या देशाने किती पाळलं, कोणाचा धूर किती घटला, याची तुलना करणं हे माझं काम. यंदा त्या यादीत आपला देश बराच वर चढला आणि तुम्ही राहता तो घसरला. साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या, पण लाज वाटली. वर चढलो त्यात मोठा वाटा तुझ्या सिमेंटच्या भट्टीचा. तिचे तुकडे खडूने नंबर घालून ट्रकांवर चढले, सीमेपलीकडे पुन्हा जोडले गेले, आणि ती चालवायला तूही गेलास. धूर तोच, भट्टी तीच, माणूसही तोच, फक्त रकाना बदलला. घरातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटायचा आणि अंगण स्वच्छ म्हणायचं, त्यातली गत. भट्टी बंद व्हावी असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. ती तुला घेऊन जाईल असं वाटलं नव्हतं. निघताना तू म्हणालास, वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. मी थांब म्हणाले नाही, याचं फार वाईट वाटतं.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. परवा तुमच्या देशाचे एक अधिकारी बैठकीला आले होते. पुढच्या खेपेला आम्हीही वर चढणार, असं खुशीत सांगत होते. कसे, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ती सिमेंटची भट्टी बाहेर पाठवतोय ना." कुठे, तेही सांगितलं. मी नकाशा काढून बघितला, समुद्रापार आहे. तुझे मालक तुला अजून बोलले नसतील. बोलतील, पगार वाढवून देतील, आणि तू मान हलवशील. तुला मी ओळखते. म्हणून त्यांच्या आधी मी विचारते आहे. दादा, या वेळी भट्टीला एकटी जाऊ दे. तू घरी ये.

तुझीच,
चोंबडी