कानसेनांच्या डोक्यातला नकाशा

४ जानेवारी

आज माझं टेबल हललं. सव्वीस वर्षं खिडकीपाशी होतं. चौघांनी उचललं, तरी दारातून निघेना. शेवटी पाय सोडवावे लागले. फरशीवर चार पांढरे चौकोन तेवढे राहिले.

त्या जागी कॉम्प्युटर आलाय. त्याला म्हणे स्वतंत्र पंखा लागतो. मला इतक्या उन्हाळ्यांत कोणी पंखा दिला नाही.

भाची म्हणाली, "आत्या, रडतेयस का?"

म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत.

दादा आपल्या खोलीतून बाहेरच आला नाही. कंपनी त्याची. दोन खोल्या आणि एक जिना, एवढीच. पाण्याच्या योजना आखायच्या, टाकी कुठे, पाइप किती जाडीचा, पंप केवढा, हे आमचं काम. हिशेब दादाचे, रेघा माझ्या. एके काळी सात माणसं होतो. आता दादा, मी, त्याची मुलगी आणि एक टायपिस्ट.

७ जानेवारी

हे सगळं कसं झालं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही.

दोन वर्षं धड काम नाही. मोठ्या योजना मोठ्या कंपन्या नेतात. भाची शिकून आली आणि महिनाभर नुसती बघत बसली. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, पाणीखात्याला गावाच्या सगळ्या पाइपांचा नकाशा हवाय. कॉम्प्युटरवर. आपण अर्ज करू.

दादा म्हणाला, "आपण पाइप टाकणारी माणसं. टाकलेल्या पाइपांची चित्रं काढत बसायचं?"

"बाबा, टाकायला कोणी बोलवत नाहीये."

वहिनीने आमटी वाढली. सकाळी अर्जावर दादाची सही होती. एवढं मात्र त्याचं आहे. हट्ट करतो, पण रात्र उलटली की सोडतो.

१५ जानेवारी

आज पहिल्यांदा बसले. एक मोठा पाट असतो, त्यावर जुना नकाशा चिकटवायचा. हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र, त्यात भिंगासारखी काच आणि काचेवर फुली. फुली रेघेवर धरायची आणि बटण दाबायचं. टक्. पुढे सरकायचं. टक्. पडद्यावर तीच रेघ उगवते.

भाचीला विचारलं, "चुकली तर?"

"पुसायची."

"कशाने?"

ती इतकी हसली की टायपिस्ट धावत आला.

आम्ही अर्ध्या ब्लेडने खरवडायचो. ट्रेसिंग पेपरवर शाई सुकली की ब्लेड आडवं धरून हलकेच. जोर पडला की कागद फाटला, आठवडा वाया! श्वास धरून करायचं काम. आणि मग छापखोलीतला तो अमोनियाचा वास. घरी गेलं तरी केसांना यायचा. आई म्हणायची, कपाटातल्या गोळ्या खाऊन आलीस का. आज तो वास आठवून आठवून आला.

२८ जानेवारी

सत्तर जुने नकाशे पाटावर झाले. कंबर गेली. पण रेघ अजून माझीच दिसते, कोपऱ्यावर किंचित जाड.

३ फेब्रुवारी

पंचाईत. नकाशे आणि जमीन यांचं जुळत नाही. चौकातला व्हॉल्व्ह कागदावर डावीकडे आहे, जागेवर कुठेच नाही. त्यावरून तीनदा डांबर पडलंय.

खात्याचे इंजिनिअर साहेब म्हणाले, "कागदांचं सोडा. खरा नकाशा आमच्या एका व्हॉल्व्हवाल्याच्या डोक्यात आहे. तो मेअखेर रिटायर होतोय. त्याच्याआधी काढून घ्या."

जसं काही मोरीतून पाणी काढून घ्यायचं.

९ फेब्रुवारी

ते आले. सगळे त्यांना कानसेन म्हणतात. हातात छातीएवढी लोखंडी सळई. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवतात, दुसरं कानाला लावतात, आणि डोळे मिटून उभे राहतात. लोक वळून बघतात, त्यांना फिकीर नाही. मग म्हणतात, "आहे. चालू आहे. इथून डावीकडे वळतंय."

शिंप्याच्या दुकानासमोर म्हणाले, खणा. साहेब म्हणाले, इथे कागदावर काही नाही. कानसेन सळईवर रेलून उभे राहिले, वाद नाही घातला. दीड हात खाली व्हॉल्व्हचं झाकण लागलं. शिंप्याने मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी त्यानंतर एकदाही कागद उघडला नाही.

२० फेब्रुवारी

रोज सकाळी सात ते अकरा चालायचं. ते पुढे, मी टेप आणि वही घेऊन मागे. इमारतीच्या कोपऱ्यापासून किती, दिव्याच्या खांबापासून किती. दुपारी भाची पडद्यावर चढवते. पन्नाशीला टेकले तेव्हा कळलं की मी ज्या गावाच्या रेघा काढल्या ते गाव पायांनी कधी पाहिलंच नव्हतं. टेबलापाशी बसून वाटायचं, सगळं ठाऊक आहे.

कानसेन कमी बोलतात. पण पाइपांबद्दल विचारलं की घरच्या माणसांबद्दल सांगावं तसं सांगतात. "ही म्हातारी. हिला सकाळी जोर लावायचा नाही." "हा नवा आहे. फार ओरडतो."

ते ऑफिसात आले की दादा आत जातो आणि दार लावून घेतो. नकाशाचं काम त्याच्या अजून घशाखाली उतरत नाही, दुसरं काय.

११ मार्च

पाय सुजले. मिठाच्या पाण्यात ठेवून बसले. वहिनी म्हणाली, या वयात कुठे हिंडतेस. खरं सांगू? इतक्या वर्षांत इतकं मजेत गेलं नव्हतं काही.

२ एप्रिल

अर्धं गाव पडद्यावर आलं. निळ्या रेघा. भाचीने एका रेघेवर बाण नेऊन बटण दाबलं की पाइप कधीचा, किती जाडीचा, सगळं लिहून येतं. दादा दाराशी उभा राहून बघत होता. बराच वेळ. मग म्हणाला, "टाकीपासून शाळेपर्यंत दाब किती पडतो ते सांगेल का हे?"

भाची म्हणाली, "माहिती भरली तर सांगेल."

खुर्ची ओढून बसला की तिच्या शेजारी! संध्याकाळपर्यंत बापलेक आकडे भरत होते. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. माझा दादा परत आला, असं वाटलं.

१९ एप्रिल

आज शाळेमागे पोहोचलो. आजच लिहायला हवं.

ती मोठी पाइपलाइन आमचीच. सव्वीस वर्षांपूर्वीची, कंपनीचं पहिलं मोठं काम. मी नुकतीच लागले होते. मूळ कागदावर ती सरळ रस्त्याखालून जाते. प्रत्यक्षात खडक लागला म्हणून शाळेच्या कुंपणाकडून वळवलेली. हे सगळ्यांना कळलं ते दोन वर्षांनी, शाळेची भिंत बांधताना कुदळ थेट पाइपावर बसली तेव्हा. भिंत कोसळली, एका मजुराचा पाय गेला. तेव्हा ऑफिसात आम्ही एवढंच ऐकलं, की साइटवरच्या खात्याच्या मिस्त्रीने पाइप वळवला आणि कळवलंच नाही. त्याला शिक्षा झाली. मी लाल शाईने कागद दुरुस्त केला आणि विसरले.

कानसेन कुंपणापाशी सळई टेकवून उभे होते. कानाला लावली नाही. म्हणाले, "हिला ऐकायची गरज नाही. ही मीच टाकली."

मी वही मिटली. "तुम्ही मिस्त्री होतात?"

"तेव्हा होतो. मग व्हॉल्व्ह फिरवायला धाडलं."

"कळवलं का नाहीत?"

रागावले नाहीत. "कळवलं होतं, ताई. खडक लागला त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली. किती फूट डावीकडे, किती खोल. तुमच्या ऑफिसात माणसाहाती पाठवली. चौकशीत म्हणाले, अशी चिठ्ठी आलीच नाही. तेव्हापासून कागदावर भरवसा नाही माझा. सगळं डोक्यातच ठेवतो."

घरी कशी आले आठवत नाही.

२० एप्रिल

झोप नाही. साइटवरच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावरच्या तबकात यायच्या. पण खडक लागला त्या महिन्यात आई दवाखान्यात होती. तीन आठवडे मी ऑफिसात गेले नाही. आई गेली. परत आले तेव्हा तबक ओसंडत होतं. मी डोळ्यांसमोर अंधार असल्यासारखा तो ढीग उपसला. काय ठेवलं, काय टाकलं, देव जाणे.

म्हणजे मीच टाकली असणार.

२४ एप्रिल

सांगितलं. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून. आईचं, तबकाचं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. पाइप ऐकतात तसंच, डोळे मिटून.

मग म्हणाले, "बरं झालं बोललात. इतक्या वर्षांत मलाच वाटायला लागलं होतं, की मी खरंच चिठ्ठी पाठवली होती की नाही. बायकोसुद्धा मध्ये एकदा म्हणाली, आठवून बघा नीट."

मला त्यांच्याकडे बघवेना. सळई उचलून म्हणाले, "चला, दोन गल्ल्या राहिल्यात."

२६ एप्रिल

दादाला सांगितलं, खात्याला पत्र लिहिणार आहे. चिठ्ठी आली होती, चूक माझी, त्यांच्या नोंदीतला तो शेरा काढा. महिन्याभरात रिटायर होतायत. निदान स्वच्छ घरी जाऊ देत.

दादा खिडकीबाहेर बघत होता. "जुनं उकरून काय मिळणार? नकाशाचं काम काढून घेतील. पोरीने आत्ता कुठे कंपनी उभी केलीय."

"उभी कोणाच्या डोक्यावर केलीय, दादा?"

इतकी वर्षं मी त्याला असं कधी बोलले नव्हते. भाची मात्र म्हणाली, "आत्या, लिही. काम गेलं तर दुसरं गाव शोधू."

पत्र लिहून त्याच्या टेबलावर ठेवलं. कंपनीच्या शिक्क्यावाचून जात नाही. "सकाळी पाठवतो," म्हणाला.

१० मे

उत्तर नाही. विचारलं तर दादा म्हणतो, सरकारी काम आहे.

१७ मे

नकाशा पुरा झाला. भाचीने सगळं गाव एकदम दाखवलं. केवढं बारीक जाळं! तळहातावरच्या रेषांसारखं. कानसेन पडद्याजवळ गेले, चष्मा पुसला, आणि बोटाने सगळ्या गल्ल्या एकेक करून फिरले. अर्धा तास. म्हणाले, "आता मला विसरायला हरकत नाही."

शेजारच्या दोन गावांनी भाचीला बोलावलंय. टायपिस्ट पाटावर रेघ धरायला शिकतोय. मी त्याला शिकवतेय — मी!

दादा आज आलाच नाही. बरं नाही म्हणे.

१९ मे

सकाळी सगळ्यांच्या आधी दादा आला होता. माझं पत्र समोर ठेवलं. उघडलेलंही नाही, पाठवलेलंही नाही.

म्हणाला, "तुझ्या तबकात काही नव्हतं. चिठ्ठी माझ्या हातात आली होती. पाणी सोडायची तारीख ठरली होती. नवा कागद म्हणजे नवी मंजुरी, चार महिने. म्हटलं, नंतर दुरुस्त करू. मग भिंत पडली. मग माझी जीभ उचलली नाही."

त्याने खिशातून दुसरं पत्र काढलं. त्याच्या हातचं, त्याच्या सहीचं. "हे खात्यात देतो. मग त्यांच्या घरी जातो. तू येऊ नकोस."

चार वाजता परतला. जिना चढून खुर्चीत बसला. म्हणाला, "चहा दिला त्यांनी."