हजाराला एक कमी

रविवार, संध्याकाळ

हजारावी धाव आज व्हायला हवी होती. झाली नाही.

मांडवीच्या टीमकडून टेनिस बॉलच्या लीगमध्ये इतकी वर्षं खेळतोय. हजाराच्या जवळ आमच्यातला एकच जण गेला होता, माझा ओपनिंगचा जोडीदार दिगू. एक धाव बाकी असताना नाटे बंदरातून मासेमारीच्या ट्रॉलरवर गेला, तो परत आलाच नाही. आज मीही तिथेच पोचलो. एकच धाव हवी. चेंडू पॉइंटकडे ढकलला, निघालो, आणि ऐकलं, "थांब." अर्ध्यावर थबकलो. रनआउट.

समोरच्या टोकाला असलेला माझा जोडीदार नीलेश म्हणतो, "दादा, मी 'ये' म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं." तो खोटं कशाला बोलेल? पण मी "थांब" ऐकलं. असं लांबवून "थांऽब" दिगूच म्हणायचा. की मलाच पळायचं नव्हतं?

दिगूचे वडील दर रविवारी येऊन सीमारेषेपाशी बसतात. मॅच संपल्यावर त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. तुम्हीही ऐकलंत का, असं विचारणार होतो. धीर झाला नाही. तेच म्हणाले, "बरा झाला, थांबलास."

मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारी परत मॅच आहे."

"असू दे. तेव्हा तू पळ. मी यायचा नाय." रिक्षात बसता बसता त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आज दोघं सारखे झालात. तेवढा बघून घरी जातो."