सातव्या खांबाचा दगड

ता. ३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कॅथेड्रलच्या डागडुजीचे नकाशे काढायला इथे येऊन तीन आठवडे झाले. तीस वर्षांपूर्वी याच कामावर आपले अण्णा पाथरवट होते आणि तू त्यांच्या हाताखाली, म्हणून आधी इमारतीचंच सांगते. अगं बाई, काय ती उंची! खांब वर जाऊन फाकतात आणि कमानी एकमेकींना टेकून अख्खं छत तोलतात, मध्ये लाकडाचा एक वासा नाही. बाहेरून भिंतींना दगडी टेकू दिलेत, म्हणून तर एवढ्या थोरल्या खिडक्या काढता आल्या. अकराच्या सुमारास रंगीत काचांतून ऊन येतं आणि माझा कागद निळा होतो. मुकादम म्हणतो, बाई, आधी काम करा, मान नंतर मोडून घ्या.

आता वाईट बातमी. सातव्या खांबाचा एक दगड पापुद्रे सोडतोय, कारण तो थर उभे ठेवून बसवलाय. अण्णा तर जेवताना बजावायचे, दगड खाणीत जसा निजलेला असतो तसाच बांधकामात निजवायचा. आणि त्या दगडावर बसवणाऱ्या पाथरवटाची खूण कोणाची? त्रिकोणात आडवी रेघ, अण्णांचीच! खाली दोन तिरप्या रेघा घासल्यासारख्या दिसतात, छिन्नी घसरली असेल.

इंजिनियरसाहेबांना अहवालात ती खूण हवी आहे आणि अहवाल सगळ्या पाथरवटांपुढे वाचला जाणार. मी ती जागा कोरी ठेवलीय. अण्णांना जाऊन वर्ष नाही झालं, आणि मीच त्यांच्या नावाला बट्टा लावू? तू भांडून छिन्नी टाकलीस, पण ते तुझेही वडीलच. पंधरा तारखेच्या आत कळव. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी भिंगरी

ता. ७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला खिळ्यांऐवजी बिजागऱ्या बांधून दिल्या.

छिन्नी घसरली नव्हती. त्या दोन तिरप्या रेघा माझी खूण. तू तेव्हा दोन वर्षांची, तुला कुठून ठाऊक असणार! तो दगड मी बसवला. विसाव्या वर्षी शहाणपण नुसतं उतू जात होतं, जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची घाई केली. अण्णांना दिसलं तेव्हा चुना धरून घट्ट झाला होता. सगळ्यांदेखत म्हणाले, तुला दगड कळत नाही, घरी जा. मी गेलो तो गेलोच.

पुढे तपासणी झाली आणि अण्णांची होऊ घातलेली मुकादमी गेली. घरी म्हणाले, कुणीतरी कान भरले. मी मनात म्हटलं, बरं झालं. ती त्या दगडापायी गेली हे आज कळलं, आणि लिहिताना लाज वाटते. माझी खूण घासून त्यांनी आपली कोरली आणि मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही. शेवटच्या दुखण्यातही मी दारातूनच विचारपूस करून परतलो गं.

अहवालात माझी खूण लिही. आणि मुकादमाला विचार, पन्नाशीचा, हाताची सवय सुटलेला पाथरवट एका दगडापुरता चालेल का. तब्येत सांभाळ, पत्राची वाट पाहतो.

तुझा दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लिहिलं. तुझं पत्र वाचून मी खांबाआड बसून रडले, मग नाक पुसून मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, तीस वर्षांनी आपण होऊन चूक सांगणारा पाथरवट बघायचाच आहे, या म्हणावं. पण आधी थर ओळखून दाखवावे लागतील हं! लोभ आहेच, आता समक्ष भेटीत.

तुझी भिंगरी

ता. २ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा सुखरूप आहे, हाताला फोड आलेत म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. खांबाला टेकू देऊन जुना दगड काढला. नवा बसवण्याआधी दादाने त्यावर पाणी मारून थर चारदा तपासले. मुकादम वैतागला.

काल चुना धरला. खूण कोरायची वेळ आली तेव्हा दादा बराच वेळ छिन्नी हातात घेऊन बसला. मग त्रिकोण कोरला आणि त्यात आडवी रेघ. मी म्हटलं, दादा, ही तुझी नव्हे. तर म्हणाला, चुकलेला त्यांनी स्वतःच्या नावावर घेतला, मग नीट बसलेला त्यांना नको का?

रविवारी तो पोचेल. मुलांना आशीर्वाद, माझ्यावर माया असू दे.

तुझी भिंगरी