मेंढ्या पलीकडे अडकल्या

२४ ऑगस्ट

मेंढ्या हिमनदीपलीकडे चरायला सोडून आल्यापासून रोज म्हणते, आज लिहू. नाही लिहिलं. आळस! शिवाय पेन्सिल कायम मेडार्डमामाच्या कानावर. आज राग आलाय म्हणून हिसकावून घेतली.

परतीची वाटच गेली! बर्फ इतका खचलाय की पलीकडून त्यावर उतरायला नुसता भुसभुशीत उभा कडा उरलाय. दर वर्षी आम्ही कुदळीने पायवाट खोदतो आणि कळप बर्फावरून घरी आणतो. यंदा संरक्षित क्षेत्राचे इम्बोडेन साहेब म्हणतात, "इथे दगडालाही हात लावायचा नाही."

मामा म्हणाला, "मग मेंढ्यांना पंख लावून देता का साहेब?"

२६ ऑगस्ट

साहेबांचा तोडगा — घळीवरच्या झुलत्या पुलावरून आणा. पर्यटकांचा पूल! त्याचे खांब रोवायला डोंगर फोडला, तेव्हा तो संरक्षित नव्हता वाटतं?

घरच्या दोन मेंढ्या नेऊन पाहिल्या. पुलाला खाली लोखंडी जाळी, जाळीतून दरी दिसते. दोघींनी फतकल मारली. मीठ दाखवलं, ढकललं, शिव्या दिल्या. एका बाईने फोटो काढला. म्हणे, "किती गोड!" गोड!! (बूट मात्र झकास होते तिचे. लाल.)

२७ ऑगस्ट

गावाची प्रार्थनेची मिरवणूक. पणजोबांच्या काळात हिमनदी शेतात घुसायची, म्हणून नवस — मागे सर. सरली! आता आम्ही त्याच वाटेने उलटा नवस करत जातो — वाढ गं बाई.

मामा कुजबुजला, "देव म्हणत असेल, या वालिस खोऱ्यातल्या लोकांना नक्की हवंय तरी काय!"

मला हसू आवरेना. पाद्रीबाबांनी डोळे वटारले.

२९ ऑगस्ट

वर बर्फ पडायला लागला. गवत झाकलं की कळप उपाशी मरणार. आणि साहेब फोन उचलत नाहीत!

मामा कुदळीला धार लावत बसलाय.

"दंड झाला तर?"

"भरू. तू नको येऊस, भटकभवानी. तुला अजून कुठे कुठे उंडारायचंय."

जाणार म्हणजे जाणार. उजाडताच.

३० ऑगस्ट

निघतोय तोच दारावर धडक. साहेब! मी कुदळ पलंगाखाली सारली. मामाने दार उघडलं.

मेंढी! आमचीच, पलीकडे अडकलेली. शिंगावर आमचा निळा पट्टा, पाय गुडघ्यापर्यंत बर्फावरच्या राखाडी चिखलाने माखलेले — अजून ओले. मामा खाली बसून तिचे खूर चाचपतोय.

आता करा म्हणावं हिला दंड!

थांब — वळणावरून आणखी घंटा ऐकू येतायत.