कुशीतली जागा

५ डिसेंबर
पोचलो बाई एकदाच्या शेंदूरजनाघाटला, मी आणि माझी पाच वर्षांची शालू! मुक्काम सूर्यभानभाऊंच्या संत्र्याच्या बगीच्यात. बॅगा उतरवायच्या आत भाऊंनी विचारलं, नवरा काहून नाही आला. पुण्यात हे विचारायला लोक वर्ष घेतात. नाहीच आहे म्हटलं, तर त्यांच्या दुर्गाबाईंनी शालूच्या दोन्ही हातांत संत्री कोंबली. आवडली मला माणसं.

इथं शेततळं खोदताना जुनं थडगं निघालंय. त्याचे शेकडो फोटो काढायचे हे माझं काम, कॉम्प्युटर ते जोडून त्रिमितीय मॉडेल बनवतो. जे हलतं ते त्यात उमटत नाही. हाडं मात्र गुणी, जशीच्या तशी येतात.

८ डिसेंबर
हाडं बाईची. कुशीवर निजलेली, हात असे वळलेले की लेकराला जवळ घेतलंय. कुशीत काहीच नाही. कोवळी हाडं मातीत विरली असणार. पुनर्रचनेत लेकरू दाखवायचं म्हणून मी शालूचंच मॉडेल तिथं ठेवलं. मागे सरावासाठी केलं होतं, ती झोपेत असताना. जागेपणी ही भवानी स्थिर बसेल तर शपथ! काय चपखल बसलं पण.

१० डिसेंबर
शालू आज ओट्यावर नुसती बसून होती. ताप नाही. दुर्गाबाईंना मोठ्या कौतुकाने मॉडेल दाखवलं, तर त्या भडकल्याच. जित्त्या लेकराले मेलेलीच्या कुशीत काहून निजवलं वो बाई, आत्ताच्या आत्ता काढ, म्हणाल्या. मी हसले.

११ डिसेंबर
शालू उठतच नाही. डॉक्टर म्हणे दमली असेल. काल दुर्गाबाईंना हसले, अक्कल गहाण टाकली होती माझी. तिचं मॉडेल काढून टाकलं, खड्ड्याचे नवे फोटो घेतले, सगळं पुन्हा जोडलं.

कुशीत शालू आहे. या वेळी मी ठेवली नव्हती —

१२ डिसेंबर, दुपार
मॉडेलमधल्या हाडांचे हात आवळलेत. काल इतके जवळ नव्हते. देवा, काय करून बसले मी! शालू मागे पलंगावर, श्वास अगदी बारीक. भाऊ गाडी काढताहेत, अमरावतीला न्यायचं. त्याआधी ही कुशीतली शालू पुसते. पूर्ण पुसते.

पुसलं. कूस रिकामी. सुटलो गं!

शालूला हाक मारली. पांघरूण तसंच, तिच्याएवढं फुगलेलं. उचललं. खाली ओली काळी माती —

भाऊ दारातून हाका मारून राहिले, पोरीले आण लवकर. मी त्यांना काय