दादाचं उठणं-बसणं

६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. मंगळवारी दुपारी तुला फोन केला, तो बराच वेळ वाजत राहिला, कुणी उचलला नाही. सूनबाई चष्म्याच्या दुकानात असणार हे ठाऊक होतं, पण तू कुठे होतास? म्हटलं, चला, स्वारी घराबाहेर पडायला लागली. फार बरं वाटलं.

माझं म्हणशील तर, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून जन्म बसून काढला, त्याची भरपाई चालू आहे. आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघी पोहण्याच्या तलावावर जातो. पहिल्या दिवशी मी कठड्याला अशी चिकटले होते की शिकवणाऱ्या बाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. आता पाण्यात चालते. पोहत नाही, नुसती चालते. पण गुडघ्यांची कुरकूर कमी झाली आहे.

माझ्या भाच्याची बोट कुठवर आली ते कळव. आळस केलास तर मी तिकडे येऊन बसेन, हे लक्षात असू दे.

तुझी,
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

जरा पाय मोकळे करायला गेलो होतो, म्हणून फोन राहिला. त्यात एवढं काही नाही.

तू बसून काढलंस, मी उभ्याने. सलूनचं शटर वर केल्यापासून दिवे मालवेपर्यंत गिऱ्हाईक खुर्चीत आणि मी तिच्यामागे. चाळीस वर्षं लोकांना बसवलं, आता माझी पाळी. खिडकीपाशी आरामखुर्ची आहे, रेडिओ आहे, सूनबाई पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देते. डॉक्टरांनी कवायत शिकवायला एक बाई पाठवली होती. तिला चहा पाजला, तिचा भांग वाकडा पडतो हे सांगितलं आणि वाटेला लावली.

मुलाची बोट अजून लांब आहे, पावसाळ्याआधी काही तो येत नाही. तू पाण्यात जपून चाल. आशीर्वाद आहेतच, ते काही मला उठून द्यावे लागत नाहीत.

तुझा,
दादा

१६ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुम्हाला काय लिहिलं ते त्यांनी मला वाचून दाखवलं आणि मी मान डोलावली. पण तेव्हापासून घास गोड लागत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा त्या मंगळवारी कुठेही गेले नव्हते. जेवून आडवं व्हायला जाताना त्यांचे पाय लटपटले आणि ते पलंगाजवळ खाली पडले. लागलं काहीच नाही, पण उठता येईना. संध्याकाळी मी दुकानातून आले तेव्हा ते जमिनीवरच होते. पलंगावरची चादर ओढून अंगावर घेतली होती. मला म्हणाले, पलंगाखाली चष्मा गेलाय, तो शोधतोय. चष्मा नाकावर होता. तुमचा फोन त्यांनी वाजून बंद होईपर्यंत ऐकला.

डॉक्टर म्हणाले, हाडं शाबूत आहेत, पायातली ताकद गेली आहे. पाय वापरले तरच ती परत येईल. पण मी अशी घाबरले की उलटंच करून बसले. सगळं त्यांच्या खुर्चीपाशी नेऊन देते, मोजेसुद्धा मीच घालते. ते भिंत धरून चालतात आणि सारखं बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीही कमी पितात. ह्यांना बोटीवर कळवलेलं नाही, तिकडून ते काय करणार?

तुम्हाला कळवू नकोस म्हणून बाबांनी शपथ घातली होती, ती मोडली. आता तुम्हीच सांभाळून घ्या.

आपली,
सूनबाई

२१ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सूनबाईने सगळं कळवलं. तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

त्या दिवशी फोन ठेवला तेव्हा मी खूश होते रे. गुणगुणत कपडे वाळत घातले. आणि तिकडे तू ती घंटा ऐकत पडला होतास. हे माझ्या मनातून जात नाही. पडलास त्याचं मला एवढं नाही. परवा मीही तलावाच्या पायरीवर घसरले. तुला उठता आलं नाही, त्याने माझी झोप उडाली आहे.

मैलभर चाल असं मी म्हणत नाही. त्या बाईला परत बोलाव आणि ती सांगेल तेवढं कर. तिला भांग पाडायला शिकव हवं तर. आणि मोजे तुझे तू घाल. ती पोरगी दिवसभर दुकानात उभी असते. उभं राहून पाय कसे भरून येतात हे तुला मी सांगायचं का?

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

१९ एप्रिल

तीर्थस्वरूप आत्याबाईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच मोजे घालायला बसले. एक मोजा चढेपर्यंत माझा जीव वर-खाली होत होता, पण मी आत मुद्दाम भांडी आपटत राहिले. मग त्यांनी हाक मारून सांगितलं की त्या कवायतवालीला बोलाव.

तेव्हापासून हात न टेकता खुर्चीतून उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, असं रोज चालू आहे. कुरकुरतात, पण करतात. अडलं होतं एकाच गोष्टीवर. बाई म्हणायच्या, जमिनीवर आडवे व्हा आणि उठून दाखवा. त्याला बाबा काही केल्या तयार होईनात. नुसतं खाली बघितलं तरी त्यांना घाम फुटायचा.

शेवटी रविवारी मी सतरंजी अंथरली आणि स्वतःच आडवी झाले. म्हटलं, बाबा, मी पडले आहे, उठायचं कसं ते सांगा. त्यांनी खुर्चीतून सांगायला सुरुवात केली: कुशीवर वळ, कोपरावर ये, गुडघे टेक, मग खुर्ची धर. आणि खरं सांगते, मलाच जमेना. मी कलंडले आणि दोघंही हसत सुटलो. मग ते म्हणाले, "सरक जरा," आणि खुर्ची धरून हळूहळू खाली आले.

आम्ही दोघं छताकडे बघत पडलो होतो. तेव्हा म्हणाले, त्या दिवशी इथून पंख्यावरची धूळ दिसत होती. वाटलं, आपण बघायची शेवटची गोष्ट हीच. त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. मग वळले, गुडघ्यांवर आले आणि उठले. मी माझे हात पाठीखाली दाबून धरले होते, मदतीला पुढे जाऊ नयेत म्हणून.

तुमच्या गुडघ्यांना जपा, आणि आमच्यावर असंच रागावत राहा.

आपली,
सूनबाई

२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल परत पडलो. आधी पुढचं वाच, मग फोनकडे धाव.

स्वयंपाकघरात ओल्या फरशीवर पाय सरकला. सूनबाई दुकानात. आधी घाबरलो. मग फरशी ओली ठेवणाऱ्याचा राग आला, तर तो मीच. हातपाय हलवून बघितले, ठीक होते. कुशीवर वळलो, गुडघ्यांवर आलो. खुर्ची हाताशी नव्हती, तेव्हा टेबलापर्यंत रांगत गेलो. कुणी बघायला नव्हतं हे बरंच झालं. टेबल धरलं, एक पाय रोवला आणि उभा राहिलो. उभ्याउभ्याच रडू आलं. मी तसा रडणारा नव्हे, तुला माहीत आहे.

मग चहा केला. तो प्यायलो आणि दुकानात फोन लावून सूनबाईला सगळं सांगितलं. तिने रिसीव्हर तसाच काउंटरवर ठेवला. मग ऐकू आलं, कुणी गिऱ्हाईक तिला विचारत होतं, बाई, काय झालं, बरं वाटत नाही का? ती त्यांना म्हणाली, "नाही हो, बरंच वाटतंय. आमचे बाबा उठले."

ढोपर थोडं खरचटलंय, मलम लावलं आहे. तू आहेस तशीच तापट राहा आणि माया असू दे.

तुझा,
दादा