रुमालाखालचा भाव

४ ऑगस्ट १९७७, गुरुवार

कंपनीला साप्ताहिक सुट्टी. भोसरीहून दुपारच्या एस.टी.ने वाडीला, थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या सासरी. देवळापुढे सभा, तासभर बोललो, घसा बसला. विषय तोच. कांद्याचा भाव रुमालाखाली का ठरतो? आडत्या आणि व्यापारी हातावर उपरणं टाकतात, आत एकमेकांची बोटं दाबतात, चेहरे सपाट. ज्याने हंगामभर कांदा वाढवला तो शेजारीच उभा असतो आणि भाव त्यालाच सगळ्यांत शेवटी कळतो. आमच्याकडे लेथवरच्या नव्या कामगारालाही आपल्या तासाचा दर पाठ असतो, हे सांगितलं. टाळ्या.

ठराव: उघडा लिलाव होईपर्यंत वाडीचा कांदा चाकणच्या बाजारात जाणार नाही. पहिला हात दिगूचा. दिगू म्हणजे आक्काचा धाकटा दीर. वाडीत त्याचा शब्द चालतो. मग सगळेच हात वर.

आक्का मागे बायकांत खांबाला टेकून. तिचा हात खाली.

जेवताना विचारलं, का गं?

"हात वर करा म्हणून आमास्नी कुनी इचारलं?" म्हणाली, आणि दुसरी भाकरी वाढली.

६ ऑगस्ट, शनिवार

रजा टाकून चाकणला, बाजार बघायला. वाडीची एकही गाडी नाही. इतर गावांच्या आहेत, पण कमी. समाधान वाटलं.

नानाशेठच्या गाळ्यावर थांबलो. वाडीचा सगळा कांदा याच्याच आडतीवर विकला जातो. माणूस मिठ्ठास. पोतं झटकून बसायला दिलं, चहा मागवला.

"राव, यंदा श्रावण दोन आलेत. निम्मा मुलूख कांद्याला शिवत न्हाई. तुमी माल अडवला, आमच्यावर उपकारच की."

मी रुमालाचं काढलं.

"तुमच्या कंपनीत पगार देत्यात, तो उघडा का बंद पाकिटात?"

हमाल हसले, मापाडी हसला. मी बरंच लांबलचक काहीतरी बोललो. पाकिटावर आकडा लिहिलेला असतो, हे साधं उत्तर परतीच्या एस.टी.त सुचलं. राजगुरूनगरचे दोघे शेजारी बसले होते, त्यांना ऐकवलं. त्यांना प्रश्नच माहीत नव्हता.

११ ऑगस्ट, गुरुवार

आक्काकडे. दाजी सेकंड शिफ्टला आकुर्डीला गेलेले. कंपनीत लागल्यापासून ते शेतात पाहुण्यासारखेच. नांगरट सोडली तर सगळं आक्काच बघते. रोप, लावण, खुरपणी, काढणी.

वखारीत घेऊन गेली. ओलसर हवा, गोडूस कुजका वास. रोज एक बाजू उपसते, मऊ पडलेला कांदा बाजूला काढते. काढलेल्याचा ढिगारा दाराशी होता. माझ्या ठरावानंतरचा.

"सदा, माझा कांदा बाजारात कोन नेतं?"

दिगू.

"आन् भाव काय आला ते मला कोन सांगतं?"

दिगूच.

"त्याला कोन सांगतं?"

नानाशेठ.

दोन्ही घरांचा कांदा दिगूच्या गाडीत जातो, एका ढिगात ओततात, संध्याकाळी तो येऊन सांगतो तो भाव. दिगू चोख माणूस आहे, असं मी म्हणालो.

"मी कुठं चोर म्हनती? मला ठावंच न्हाई. मग चोर कसं म्हनू आन् सज्जन तरी कसं म्हनू?"

माझ्या भाषणात व्यापारी आहे, आडत्या आहे, दिल्ली आहे. चूल नाही. नोंद करून ठेवतो.

१८ ऑगस्ट, गुरुवार

वाडीला गेलो नाही. बाजारपेठेच्या सिद्धांतावरचा जाड इंग्रजी ग्रंथ वाचनालयातून आणलाय. आरंभीच गृहीत धरायला सांगतो की घेणारा आणि विकणारा, दोघांना भाव ठाऊक आहे. तिथेच पेन्सिल ठेवून थांबलो. पुढची आलेखांची पानं सुरेख आहेत.

दुपारी दिगू आला. पहिल्यांदाच माझ्या खोलीवर. टोपी हातात, उगाच वर्कशॉपांच्या पत्र्यांकडे बघत बसला.

"सदाभाऊ, लिलाव व्हावा. म्या न्हाई म्हनत न्हाई. पर दोनी चालू ठिवा. ज्याला रुमाल पायजे त्याला रुमाल."

नानाशेठने फिरवला, असं वाटलं. तसं तोंडावर बोललो. जरा जास्तच. फितुरी हा शब्द वापरला.

तो शांतपणे म्हणाला, "समद्यांचा भाव समद्यांना कळला की घराघरात लाथाळ्या व्हतील. तवा या भाषान द्यायला."

चहा तसाच ठेवून गेला. नंतर वाटलं, नानाशेठचं नव्हे, हा स्वतःचंच सांगत होता. पण काय सांगत होता? जादा भाव ठेवून घेतो, की कधी आपल्या पदरचे घालून वहिनीला बरा भाव सांगतो? रुमालाखाली दोन्ही सारखंच दिसतं.

२५ ऑगस्ट, गुरुवार

जिंकलो. बाजार समितीने मान्य केलं. ३ सप्टेंबरच्या शनिवारी प्रयोग म्हणून उघडा लिलाव. प्रत्येक ढिगापाशी मालधनी स्वतः उभा राहील. शेवटची बोली घ्यायची की नाकारायची ते त्याने मोठ्याने सांगायचं. ही अट माझीच. समितीला दिलेल्या निवेदनात मीच घातली होती, अभिमानाने.

वाडीत गूळ वाटला. आक्काच्या ओट्यावर सगळे बसलेले, दाजीही घरी होते. आक्का आतून आली, हात पुसत.

"मंग माझ्या ढिगापाशी मी उभी ऱ्हाती. माझा ढीग येगळा घाला."

बाजारात बाया असतात. निवडायला, टोपली उचलायला. माल विकायला अजून एकही उभी राहिलेली नाही.

दाजी म्हणाले, "घरात पगार हाय की. कांद्यापायी भावाभावात कशापायी लावून देतीस?"

"पगार तुमचा. कांदा मी लावलाय."

दिगू चपला घालून निघून गेला.

मग मी आक्काला बाजूला घेऊन समजावलं. एवढा हंगाम दिगूला उभा राहू दे. तो फुटला तर वाडी फुटेल, वाडी फुटली की लिलाव बुडाला. ही पायरी पहिली, तुझी दुसरी. चांगलं बोललो. मुद्देसूद.

"कांद्याला कोंब आल्यात," ती म्हणाली. "त्यास्नी सांग, म्हनावं थांबा, सदाची पायरी पयली."

२८ ऑगस्ट, रविवार

राखी. आक्का भोसरीला आली, दाजींबरोबर. दाजी खाली टपरीवर थांबले, वर आले नाहीत. तिने ओवाळलं. ताटात टाकायला नोट काढली तर हात धरला.

"त्ये नगं. शनवारी माझ्या ढिगापाशी येऊन उभा ऱ्हा."

बोलतो की, म्हटलं, समितीच्या लोकांशी आधीच...

"बोलू नगंस. नुसता उभा ऱ्हा."

एवढ्या सभा केल्या, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रजेचा उरलेला दिवस ओव्हरटाइमच्या मागणीचं पत्रक लिहिण्यात. दोनदा फाडलं.

३ सप्टेंबर, शनिवार. रात्री.

क्रमाने लिहितो.

दिगूची गाडी उजाडताच आली. एकच गाडी, मधे बारदानाचा पडदा घालून दोन्ही घरांचा माल वेगळा भरलेला. बोलणं काही नाही, पण बारदान दिगूनेच बांधलं होतं, असं आक्काने सांगितलं. दोन ढीग शेजारी ओतले. दिगू त्याच्या ढिगापाशी, आक्का तिच्या. डोक्यावर पदर, हातात एक कांदा. मी तिच्या मागे.

गर्दी. बघे जास्त. निवडणाऱ्या बाया टोपल्या टाकून जवळ आल्या. मुकादम ओरडला, कुणी हललं नाही.

दिगूचा ढीग आधी. बोली चढली, तो "दिला" म्हणाला. चटकन, खाली बघत. भाव साऱ्या यार्डाने ऐकला. वाडीची माणसं एकमेकांकडे बघू लागली, मनात मागचे हंगाम मांडत असावीत. एक म्हातारा दिगूला म्हणाला, "आरं, मागं येवढा कधी सांगितला न्हाईस?" दिगू म्हणाला, "मागं येवढा कधी आलाच न्हाई." खरं असेल. खोटंही असेल.

मग आक्काचा. पुकारणारा थबकला. "मालधनी कोन?"

"मी," आक्का म्हणाली.

"मी," दिगूही म्हणाला. सवयीने की मुद्दाम, मला सांगता येणार नाही.

नानाशेठ हसत होता. "आवो, घरातलं घरात मिटवा. न्हाईतर उपरणं हाय माझ्याकडं."

पुकारणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच. मला गप्प राहायला सांगितलं होतं, पण इथे गप्प राहणं म्हणजे दिगूच्या बाजूने बोलणं. मी म्हणालो, "बाईंचा." पुढे तयार होतं बरंच. तोंड मिटलं.

बोली सुरू झाली. आक्काने कांदा सुकवून, निवडून आणला होता. रंग वेगळाच दिसत होता. बोलीने दिगूच्या ढिगाचा भाव गाठला, मग ओलांडला. निवडणाऱ्या बायांतली एक म्हणाली, "चढवा की, बाईचा हाय म्हून थांबता व्हय?" हशा. आणखी एक बोली चढली. मग थांबली.

"बाई, देता का?"

मी मनात म्हणत होतो, दे. तिला आजवर सांगितलेल्या कुठल्याही भावापेक्षा हा वरचा. लिलाव यशस्वी. उद्या गावोगाव सांगता येईल, बाईने उभं राहून सर्वांत चढा भाव घेतला.

आक्काने हातातला कांदा ढिगावर ठेवला.

"न्हाई."

पुकारणाऱ्याला वाटलं तिला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आता जरा मोठ्याने, माझ्या अटीप्रमाणे. व्यापारी पुढच्या ढिगाकडे सरकले. नानाशेठ जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "हा तुमचा उघडा लिलाव. माल पडून."

का गं, विचारलं. आवाज चढला माझा.

"न्हाई म्हनता येतं का, त्ये बघितलं. कदी म्हनलंच न्हवतं."

कोंब आलेत, उद्या सडेल, पुढच्या बाजाराला, बुधवारी, लिलाव होईलच असं नाही, हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"तूच शिकावलंस न्हवं, नाकारायचा हक्क? का त्यो फकस्त भाषनात?"

दिगू आपला माल मापून देऊन आला. ढीग बघितला, मला बघितलं. आक्काला "वैनी, चला" म्हणाला नाही. गाडी जुंपून गेला. मोकळी.

४ सप्टेंबर, रविवार

आजही रजा. ढीग यार्डातच. वर ताडपत्री, निवडणाऱ्या बायांनी कुठूनशी मिळवून दिली. आक्का रात्री त्यांच्यापैकी एकीच्या घरी, चाकणातच राहिली. दाजी शिफ्ट बुडवून आले. वाटलं, भांडतील. डबा आणला होता. बसले. म्हणाले, "गाडी भाड्याची बघू का?" आक्का म्हणाली, "कुटं न्यायची? घरला का बाजारला?" दाजींनी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

वाडीतून निरोप: काहीजण पुन्हा रुमालच बरा म्हणताहेत. काहीजण म्हणताहेत, मागचे भाव दिगूने मारुतीपुढे येऊन सांगावेत. मी सभा घ्यावी, असंही म्हणतात. घेतली नाही.

समितीची बैठक मंगळवारी. बुधवारी लिलाव की रुमाल, तेव्हा ठरेल. एक ढीग विकलाच गेला नाही, हे नानाशेठचा गट पुढे करणार. मी काय पुढे करणार? तोच ढीग. दुसरं उदाहरण माझ्याकडे नाही.

५ सप्टेंबर, सोमवार

कामावर जाण्याआधी पहिल्या गाडीने चाकण. आक्का ताडपत्री बाजूला करून वरचा थर उपसत होती. मऊ कांदे एका बाजूला. कालच्यापेक्षा जास्त. मीही बसलो, शर्टाच्या बाह्या वर करून. मला दोनदा चांगला कांदा टाकताना पकडलं. "त्यो ठिव. नुसता डाग हाय." दाबून बघायचं, डोळ्यांवर जायचं नाही, असं म्हणाली.

मंगळवारी समितीपुढे काय सांगू, विचारलं.

"काय झालं त्ये सांग."

आणि तेवढ्याने लिलाव गेला तर?

कांदा निवडत राहिली.

निघालो तेव्हा फाटकाशी दिगूची गाडी उभी दिसली. आत माल नाही. तो पुढे धुरीवर बसलेला, तंबाखू मळत. "सदाभाऊ" म्हणाला, एवढंच. आत आला नाही, ढिगाकडे बघत नव्हता. आक्काने त्याला पाहिलं होतं, मला कळलं, कारण तिचे हात थांबले. पण ती उठली नाही.

माझी एस.टी. आली. चढलो, मागच्या काचेतून पाहिलं. रिकामी गाडी तिथेच होती, बैल जुंपलेलेच होते.